दमणारे

शर्यतीत एकशे बारा जण धावत होते आणि एकशे बारा जण दमत होते. धावणारे वेगळे, दमणारे वेगळे.

केतकी दमणाऱ्यांतली. गळ्यातल्या ओळखपत्रावर 'सोबती' असं सभ्य नाव छापलेलं होतं, पण पाच दिवसांच्या, दोनशे साठ किलोमीटरच्या या डोंगरवाटेवर तो शब्द कुणी वापरत नसे. वाटेतल्या तपासणीच्या ठाण्यावरचा स्वयंसेवक कर्ण्यातून सरळ ओरडायचा, "सत्तेचाळीस नंबरची दमणारी कोण? या पुढं!" आणि केतकी कडेवरच्या कुहूला सावरत पुढं व्हायची. सत्तेचाळीस म्हणजे विहंग, तिचा नवरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका वाडीतल्या शाळेच्या पडवीत तो आला तो हसतच. सकाळपासून अठ्ठावीस किलोमीटर झाले होते, दोन खिंडी चढून उतरल्या होत्या, पिंडऱ्यांवर कारवीचे ओरखडे होते आणि चेहरा मात्र आंघोळ करून आल्यासारखा.

"काय, कशी आहेस? मस्त दिसतेयस आज."

केतकीने दोन दिवसांत केस विंचरले नव्हते. "बूट सोड आधी," ती म्हणाली.

"अगं, दोन मिनिटं तरी—"

"दोन मिनिटं शेवटी. आधी बूट, मग संत्रं, मग बोलणं. सोड."

नियमच तसा होता. प्रत्येक ठाण्यावर धावणाऱ्याने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायची, एक संत्रं सोलायचं आणि आपल्या सोबत्याशी घरचं काहीतरी बोलायचं. सोबत्याने नुसतं बघायचं. मग मनगटाला फीत बांधायची, हिरवी किंवा लाल. लाल बांधली की शर्यत संपली. ती फीत डॉक्टरसुद्धा सोडू शकत नव्हता.

विहंगने नाडी बांधली. संत्र्याच्या सालीत नख रुतवायला त्याला दुसऱ्यांदा जोर लावावा लागला. केतकीने ते टिपलं. कालच्यापेक्षा किंचित उशीर. पण पाय नीट पडत होते, बोलणं सरळ होतं. तिने हिरवी बांधली.

"नजर चांगली आहे हो तुझी," शेजारच्या बाकावरून कांबळे सिस्टर म्हणाल्या. ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झालेल्या या बाई आपल्या भाच्यासाठी दमायला आल्या होत्या. "आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डात अशी एक पोरगी मिळाली असती तर निम्मं काम हलकं झालं असतं."

"लेकरामुळे लागते सवय," केतकी म्हणाली. कुहू रडायच्या आधी अर्धा मिनिट तिला कळायचं. कुहू पडायच्या आधी तिचा हात पुढं व्हायचा. वर्षभर ती दुसरं काही करतच नव्हती, बघत होती.

हे सगळं सुरू झालं टिकलीपासून. तिचं खरं नाव लांबलचक होतं, पण कानामागे चिकटवायची ती नखाएवढी चकती, तिला टिकलीच म्हणायचे सगळे. दमणं हे पायांत नसतं, डोक्यात असतं, एवढी साधी गोष्ट तिच्या मुळाशी होती. स्नायू झिजतात, रक्तातली साखर उतरते, आणि त्याच्या खबरा नसांमधून मेंदूकडे जातात. मेंदू त्यावरून अंदाज बांधतो आणि शरीर खरोखर मोडायच्या कितीतरी आधी हुकूम सोडतो, थांब. तो हुकूम म्हणजेच थकवा. कानामागून हृदयापर्यंत आणि पोटापर्यंत उतरणारी एक नस आहे. टिकली तिला सतत बारीक गुदगुल्या करत राहते आणि मेंदूला वाटत राहतं, सारं आलबेल आहे. झीज व्हायची तेवढी होतेच. फक्त खबर पोचत नाही.

मनगटावरचे पट्टे, घामाच्या चाचण्या, सगळं करून पाहिलं होतं लोकांनी. पण टिकलीवाल्याची नाडी संथ चालायची आणि रक्तातली गडबड दिसेपर्यंत काही तास उलटलेले असायचे. पहिल्या वर्षी परदेशातल्या एका शर्यतीत तिघे जण हसत हसत कोसळले. चौकशीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. एकाची बहीण म्हणाली होती, हा आज वेगळा चालतोय. एकाच्या बायकोने थांबवायला पाहिलं होतं. यंत्राला दिसलं नाही ते घरच्या माणसाला दिसलं होतं. तेव्हापासून नियम झाला की एका छपराखाली राहणारं किंवा रक्ताच्या नात्यातलं, टिकली न लावणारं एक माणूस प्रत्येकाबरोबर हवं.

विहंग टिकली फक्त शर्यतीपुरती लावत नव्हता. सरावासाठी म्हणून लावली ती दीड वर्ष उतरली नव्हती. ड्रोनने जमिनी मोजायच्या कराडच्या त्याच्या कचेरीत निम्मे लोक लावायचेच. त्याच्याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती, हीच केतकीची खरी पंचाईत होती. कुहू रडली की तो उठायचा, दुपटी बदलायचा, पहाटे वीस किलोमीटर धावून येऊन पोहे टाकायचा. सगळं शीळ घालत. आणि केतकी ओट्याला टेकून उभी असली, डोळे मिटत असले, तरी त्याच शिळेच्या सुरात विचारायचा, "आज संध्याकाळी घाटावर जाऊन येऊ या?"

"तुला दिसत नाही का रे मी कशी झालेय ती?"

"सांगत जा ना. सांगितल्याशिवाय कसं कळणार?"

"आधी कळायचं."

यावर तो खरोखर गोंधळून बघायचा. त्यात लबाडी नव्हती. म्हणूनच ते जास्त लागायचं. तिला वाटायचं, आपणच कमी पडतोय. एकाच घरात एक माणूस कधीच दमत नसेल तर दुसऱ्याचं दमणं नाटक वाटायला लागतं, स्वतःलासुद्धा.

तरीही ती सोबती म्हणून आली. कारण विहंगची ही तिसरी खेप होती. पहिल्या वर्षी घोटा मुरगळला. दुसऱ्या वर्षी तो सुरुवातीच्या रेषेवरून परत फिरला होता, केतकीला कळा सुरू झाल्याचा फोन आला म्हणून. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही. कुहूच्या पहिल्या वाढदिवसाचा केक कापून दुसऱ्या दिवशी ते गाडीत बसले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "या वेळी शेवटची रेषा बघायचीच."

त्या दुसऱ्या मुक्कामी कुहूला दाढेने छळलं. वीस दमणारे एका वर्गखोलीत पथाऱ्या टाकून निजलेले. त्यांची झोप मोडू नये म्हणून केतकी तिला घेऊन पटांगणात येरझाऱ्या घालत राहिली. फटफटलं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. आज तीन ठाणी, दोन घाटरस्ते, कडेवर मूल. अशा डोळ्यांनी काय बघणार मी, तिला वाटलं.

विहंगच्या सामानात टिकल्यांची जादा पट्टी होती.

सोबत्याने टिकली लावायची नाही हे तिला माहीत होतं. का लावायची नाही, हे माहीत नव्हतं. सोबत्यांच्या प्रशिक्षणाचा दुसरा तास चालू असताना ती बाहेर जिन्यावर बसून कुहूला पाजत होती. तिला वाटलं, शर्यतीतले शंभर नियम असतात, पाण्याच्या बाटल्या किती आणि कागद कुठं टाकायचे, त्यातलाच हा एक. शिवाय ती हे त्याच्यासाठीच करत होती. जागी राहिली तर नीट बघेल. तिने कानामागची कातडी पुसली, टिकली दाबून बसवली आणि वर केस सोडले.

दहा मिनिटांत पाठीतला खिळा कुणीतरी अलगद उपटून घेतला. डोळ्यांतली वाळू गेली. वर्षभरात पहिल्यांदा तिला डोंगर दिसले. समोर उभे तर रोजच होते, पण आज सुंदर दिसले.

तिसरा दिवस आणि चौथा दिवस असे सरले की त्यांचा आवाजही झाला नाही. ठाण्यामागून ठाणं. बूट, संत्रं, गप्पा, हिरवी. विहंग म्हणायचा, "आज एकदम खुशीत आहेस!" आणि दोघं हसायची. केतकीला वाटलं, आपलं लग्न पुन्हा जागेवर आलं. तिने कुहूला झाडं दाखवली, सोबत्यांच्या जीपमधल्या सगळ्यांना भाकरी वाढल्या. फक्त कांबळे सिस्टर एकदोनदा तिच्याकडं बघत राहिल्या आणि पुन्हा आपल्या विणकामाकडं वळल्या.

पाचव्या दिवशी सकाळी अकराला शेवटच्या मोठ्या चढाच्या पायथ्याशी विहंग आला, केतकीने हिरवी बांधली आणि तो गेला. आता वरच्या सड्यावरचं, कातळपठारावरचं ठाणं, चौदा किलोमीटर. तिथून पंधरा किलोमीटर उताराचे, की संपलं. जीप निघायला अवकाश होता. केतकी कुहूला मांडीवर नाचवत होती. "घोडा घोडा, पळ पळ!" कुहू किरकिरली. केतकीने आणखी जोरात नाचवलं.

"अगं ए," सिस्टर म्हणाल्या, "काय चालवलंयस पोरीचं?"

"खेळतोय आम्ही."

"तू खेळतेयस. ती कधीची झोपेला आलीये. डोळे चोळतेय, कान ओढतेय, मान पाडतेय. बाहेरच्या माणसाला दिसतंय आणि तुला दिसत नाही?"

केतकीने कुहूकडं पाहिलं. डोळे लाल होते, हे दिसत होतं. कान ओढते आहे, हेही. पण त्या खुणा नुसत्या खुणा होत्या. त्यांतून काहीच उमटत नव्हतं. ज्या पोरीचं रडणं तिला अर्धा मिनिट आधी कळायचं, ती पोर आता भोकाड पसरून रडायला लागली तेव्हा केतकी दचकली.

सिस्टरांनी कुहूला उचलून खांद्यावर टाकलं आणि दुसऱ्या हाताने केतकीचे केस बाजूला केले.

"तरीच."

"सिस्टर, मी फक्त जागं राहायला..."

"कधीपासून?"

"परवा सकाळपासून."

"प्रशिक्षणात झोपली होतीस का?"

"हिला पाजत होते. बाहेर."

सिस्टर तिच्याशेजारी बसल्या. आवाज खाली आणला. "ऐक आता. आपल्याला दुसऱ्याचं दमणं डोळ्यांनी नाही कळत. मेंदूत जी जागा आपलं शरीर कसं आहे हे सांगते ना, तीच जागा समोरच्याचं पण ओळखते. त्याचा पाय ओढला की आपल्या पायात काहीतरी हलतं, म्हणून आपण म्हणतो, बिचारा दमला. ती जागाच तू गुंगवून ठेवलीस. मग कुठून कळणार? म्हणून तर टिकलीवाला चालत नाही सोबतीला. नुसता नियम नाही तो."

केतकीला सगळ्यात आधी आठवला तो ओटा. शीळ. सांगत जा ना. म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच दिसत नव्हती ती, दीड वर्ष.

आणि मग आठवली परवापासूनची ठाणी. तिने एकेक डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. संत्रं कसं सोललं त्याने? नाडी कितव्यांदा बसली? काहीच नव्हतं तिथं. सात हिरव्या फिती आणि सातही आंधळ्याने बांधलेल्या.

तिने टिकली ओरबाडून काढली.

"उतरायला दोन तास लागतील," सिस्टर म्हणाल्या. "आणि तुंबलेलं सगळं एकदम येईल. आता काय करणार? वायरलेसवर सांगितलंस तर त्याला वाटेतच बाद करतील. तुझा नियमभंग म्हणजे त्याचा."

"वर पोचायला त्याला तीन तास लागतील. मी तिथं असेन. मला दिसेल तोवर."

"आणि मधल्या वाटेत काही झालं तर?"

तिसरी खेप, केतकीच्या मनात आलं. आपण बघू, ठीक असेल तर जाऊ देऊ, कुणाला कळणारही नाही. हे भित्रेपणाचं होतं हे तिला समजत होतं. तरी ती वायरलेसकडं गेली नाही, जीपमध्ये जाऊन बसली.

घाटाच्या निम्म्यावर ते आलं. आधी पोटऱ्या, मग कंबर, मग खांद्यांमधला तो जुना खिळा, आता तिप्पट जाड झालेला. दुधाने छाती भरून दुखायला लागली. दोन दिवस तिला तेही कळलं नव्हतं. प्रत्येक वळणाला डोकं काचेवर आपटत होतं आणि ते सावरायला मान उचलणंही जिवावर येत होतं. ती रडत नव्हती, डोळ्यांतून पाणी आपलं येत होतं. सिस्टरांनी झोपलेली कुहू तिच्या मांडीवर ठेवली. केतकीने तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला चटकन कळलं, ही आता अर्धा तास उठत नाही.

दिसायला लागलं होतं.

सड्यावर वारा सुसाट होता. वाळलेलं गवत, काळा कातळ, एक ताडपत्रीचा मांडव. केतकी दगडावर बसली आणि येणाऱ्यांकडं बघू लागली. एकेक माणूस हसत येत होता आणि एकेक जण तिच्या अंगावर ओझं टाकून जात होता. त्या पिवळ्या बनियनवाल्याचा डावा गुडघा. त्या पोरीचं वाकडं पडणारं पाऊल. सगळेच्या सगळे दमले होते आणि त्यांतल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी विहंग आला. हात हलवत, हसत. मनगटावरच्या यंत्राच्या पट्टीवर सगळे दिवे हिरवे.

"पंधराच राहिले!" तो लांबूनच ओरडला. मग खाली बसून पटापट नाडी सोडली, बांधली. संत्रं सोललं. वेळ पहिल्या दोन दिवसांसारखाच. चूक एकही नाही.

केतकी बघत राहिली. तो बसला तो वाकून नव्हे. मांड्यांनी साथ सोडल्यावर पोतं पडावं तसा. फोड तोंडात गेली आणि मधेच चावणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. सिस्टरांच्या कडेवरून कुहूने बापाकडं दोन्ही हात पसरले. तो तिच्याकडं बघून खळखळून हसला. हात मांडीवरच राहिले. तिला घ्यायचं त्याच्या मनात होतं, हे केतकीला स्वच्छ दिसलं. हात उठले नव्हते आणि ते त्याला कळलंही नव्हतं. तिच्या स्वतःच्या दंडांत आतून काहीतरी फाटल्यासारखं झालं.

"लघवी झाली का रे?"

"झाली की. कोऱ्या चहासारखी. पाणी कमी पडलं असेल. बांध ना लवकर."

तिने पिशवीतून लाल फीत काढली.

विहंगला आधी गंमत वाटली. "ए, काहीही काय."

"हात पुढं कर."

"केतकी, पंधरा किलोमीटर उतार आहे. मी नाचत जाईन. सकाळी तूच हिरवी बांधलीस! तीन दिवस बांधतेयस!"

"तीन दिवस मी बघतच नव्हते." आणि तिने मांडवातल्या स्वयंसेवकाला, नोंदवहीवाल्याला, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. परवा सकाळ, टिकली, सात फिती.

विहंगचं हसू गेलं. मग तो म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी शांत होता, "म्हणजे आत्ता सगळं एकदम उतरलंय तुझ्यावर. तू मरणाची दमलीयेस. मग तुला जे दिसतंय ते माझं कशावरून? तुझंच असेल. तुला आज दगडसुद्धा दमलेला दिसेल."

ते खरं असू शकत होतं, हे केतकीला कळत होतं. तिने पुन्हा त्याच्याकडं पाहिलं. हे त्याचे दंड की माझे? ही कुणाची कंबर? दीड वर्ष ती घरात एकटी दमली होती. आता दोघांचं वेगळं काढायला गेली तर धागा सापडत नव्हता. चुकत असू तर याची शेवटची रेषा आपण दुसऱ्यांदा पुसतोय. त्या वेळी निदान पोटात पोर होतं. आज नुसती शंका आहे.

"नाही सांगता येत," ती म्हणाली. "माझंच असेल कदाचित."

"मग?"

"मग काही नाही. हात दे."

त्याने दिला नाही. तिने तो उचलून घेतला. जड होता, झोपलेल्या मुलाच्या हातासारखा. गाठ दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली.

डॉक्टरने रक्त घेतलं आणि अहवाल उद्या सकाळी मिळेल म्हणून सांगितलं. सलाईन लावली. टिकली काढताना विहंगने मान फिरवली नाही. तालुक्याच्या दवाखान्याकडं निघालेल्या गाडीत तो खिडकीकडं तोंड करून बसला. उतारावरून धावणारे दिसायचे, तेव्हा तो डोळे मिटायचा. केतकी त्याच बाकावर, कुहू तिच्या मांडीवर. दोघांमध्ये सलाईनची बाटली हलत होती.

तास गेला. दुसराही जात आला. ऊन कलतं झालं, रस्ता नदीला लागला. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि विहंगच्या तोंडून जो आवाज निघाला तो केतकीने पूर्वी कधी ऐकला नव्हता. त्याने मांडीवर हात नेला, पण बोटं मिटेनात. पाय जवळ घ्यायला गेला, घेता आला नाही. कपाळावर घाम फुटला. त्याने डोळे उघडले. ते खोल गेले होते, म्हाताऱ्या माणसासारखे. त्या डोळ्यांनी त्याने आधी आपल्या पायांकडं पाहिलं. मग मान वळवायला बराच वेळ लावून केतकीकडं. तिच्या केसांकडं, डोळ्यांखालच्या काळ्या चंद्रकोरींकडं, कुहूच्या डोक्याखाली कधीपासून अवघडून ठेवलेल्या तिच्या कोपराकडं.

"तू..." त्याला एका दमात बोलता येत नव्हतं. "तू रोज अशी असतेस?"

केतकीने डोकं मागे टेकलं.

"रोज नाही," ती म्हणाली. "रविवारी जास्त. तू लांबचं धावायला जातोस तेव्हा."

तो हसायला गेला आणि पोटात कळ आली म्हणून अर्ध्यावर थांबला. मग त्याने सलाईन नसलेला हात बाकावरून सरकवत सरकवत तिच्याकडं आणायला सुरुवात केली. वीतभर अंतर होतं. केतकीने तो घ्यायला आपला हात पुढं केला नाही. तिच्यात तेवढं बळच उरलं नव्हतं. ती नुसती बघत राहिली, तो किती वेळात पोचतोय ते.